हजेरीपट, दाखला आणि व्हिसा : परदेशात शिकणाऱ्याची नोंद



जून महिना आला की आमच्या शाळेच्या ऑफिसात जुनी मुलं-मुली दिसू लागतात. कुणाला शाळा सोडल्याच्या दाखल्याची दुसरी प्रत हवी असते, कुणाला बोनाफाईड, तर कुणाला जनरल रजिस्टरात आपलं नाव नक्की कसं लिहिलंय ते बघायचं असतं. मागच्या वर्षी असाच एक मुलगा आला. अमेरिकेत एम.एस.ला प्रवेश मिळालेला, व्हिसाची मुलाखत आठवड्यावर आलेली. म्हणाला, "बाई, एकदा व्हिसाचा शिक्का बसला की सुटलो." मी म्हटलं, "अरे, सुटत नाहीस. तिथून तर तुझी हजेरी सुरू होते." त्याला वाटलं, बाई गंमत करताहेत.

परदेशी जाणाऱ्या मुलाच्या घरी फी, कर्ज, जामीनदार, विमानाचं तिकीट या सगळ्यावर रात्र रात्र चर्चा होते. पण ज्या गोष्टीवर पुढची दोन-चार वर्षं उभी असतात, त्या विद्यार्थी म्हणून असलेल्या नोंदीबद्दल कुणी फारसं बोलत नाही. म्हणून आजचा पाठ त्यावर. उदाहरण मुख्यतः अमेरिकेचं घेते. तिथे शिकणाऱ्या भारतीय मुलांची संख्या २०२३-२४ मध्येच सव्वातीन लाखांच्या वर गेली होती, आणि नोंदीच्या बाबतीत तिथला कारभार फार काटेकोर आहे.

व्हिसा वेगळा, नोंद वेगळी

व्हिसा म्हणजे पासपोर्टात चिकटवलेलं ते छापील पान. तो दारापर्यंत जायचा परवाना. त्यावरची तारीख बघून आपण शेजारीपाजारी सांगतो, "पाच वर्षांचा मिळाला हो!" पण ती तारीख फक्त देशात शिरण्यापुरती. आत विद्यार्थी म्हणून राहता येतं ते तुम्ही नाव नोंदवून खरोखर शिकताय की नाही यावर. त्यामुळे व्हिसाची चार वर्षं शिल्लक असताना विद्यार्थीपण संपलेलं असू शकतं. उलट व्हिसाची मुदत संपली, तरी शिक्षण नीट चालू असेल तर मूल तिथे कायद्याने राहू शकतं. मधे भारतात येऊन परत जायचं असेल तेव्हा मात्र नवा व्हिसा लागतो.

ही नोंद ज्या सरकारी संगणक यंत्रणेत असते तिला 'सेव्हिस' म्हणतात. विद्यापीठाने प्रवेश दिला की तिथला अधिकारी सेव्हिसमध्ये विद्यार्थ्याचं खातं उघडतो आणि त्यातून 'आय-२०' नावाचा कागद निघतो. त्यावर 'एन' अक्षर आणि पुढे दहा आकडे असा एक क्रमांक असतो. हाच तुमचा सेव्हिस क्रमांक. याच क्रमांकावर ३५० डॉलर्सची सेव्हिस फी भरायची, हाच व्हिसाच्या अर्जात लिहायचा, आणि मुलाखत घेणारा अधिकारी याच क्रमांकाने पडद्यावर तुमची नोंद बघतो. म्हणजे तुम्ही फाईल घेऊन खिडकीशी उभे राहायच्या आधीच तुमची दुसरी फाईल त्याच्यासमोर उघडलेली असते.

विद्यापीठातल्या त्या अधिकाऱ्याला 'डीएसओ' म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर परदेशी विद्यार्थ्यांचे हेडक्लार्क. आपल्याकडे हेडक्लार्कशी नम्रतेने वागायला कुणी शिकवावं लागत नाही. तिथे गेल्यावर मुलं नेमकी यांनाच विसरतात.

एवढा कडकपणा आला कुठून?

१९९३ मध्ये न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरखाली बॉम्बस्फोट झाला. त्यातला एक आरोपी विद्यार्थी व्हिसावर आलेला होता आणि त्याने कॉलेज मधेच सोडून दिलं होतं. कॉलेज सोडलेला विद्यार्थी पुढे गेला कुठे, हे सरकारला कळायची सोय नव्हती. १९९६ च्या कायद्याने परदेशी विद्यार्थ्यांची माहिती संगणकावर गोळा करायचं ठरवलं, पण काम रेंगाळलं. मग ११ सप्टेंबर २००१ चे हल्ले झाले. त्या हल्लेखोरांपैकी एकजण विद्यार्थी व्हिसा घेऊन आला होता आणि ज्या संस्थेच्या नावावर आला तिथे गेलाच नव्हता. त्याहून लाजिरवाणी गोष्ट मार्च २००२ मध्ये घडली. हल्ल्यात मेलेल्या दोन विमानचालक हल्लेखोरांचा विद्यार्थी म्हणून दर्जा मंजूर झाल्याची पत्रं, हल्ल्यानंतर बरोबर सहा महिन्यांनी, फ्लोरिडातल्या त्यांच्या विमान प्रशिक्षण शाळेत टपालाने येऊन पडली. कागदाचा कारभार किती मागे पडला होता, ते साऱ्या जगाने पाहिलं.

२००३ पासून सेव्हिस सर्व संस्थांना सक्तीचं झालं. तेव्हापासून परदेशी विद्यार्थ्यावर लक्ष ठेवण्याचं काम विद्यापीठाच्याच ऑफिसावर येऊन पडलं. डीएसओ कितीही भला माणूस असो, खरी माहिती वेळेत भरली नाही तर विद्यापीठाचा परदेशी मुलं घ्यायचा परवानाच धोक्यात येतो. म्हणून तो "यावेळी सांभाळून घ्या सर" म्हणून ऐकणार नाही. त्याच्यावर रागावू नका.

तिथे पोहोचल्यावर काय होतं

कोर्स सुरू होण्याच्या तारखेआधी तीस दिवसांपेक्षा लवकर नव्या विद्यार्थ्याला देशात शिरता येत नाही. पोहोचल्यावर डीएसओच्या ऑफिसात जाऊन हजर व्हायचं, विषयांची नोंदणी करायची. मग कोर्स सुरू झाल्यापासून तीस दिवसांच्या आत डीएसओ सेव्हिसमध्ये ती नोंद पक्की करतो. तेव्हा कुठे खातं 'सुरू' असं दिसतं. विषय निवडले, फी भरली, वर्गात बसलो, पण ऑफिसात तोंड दाखवलं नाही, असं करून चालत नाही.

मग येते पूर्णवेळ अभ्यासाची अट. पदवीच्या विद्यार्थ्याला प्रत्येक सत्रात साधारण बारा क्रेडिट घ्यावी लागतात, एम.एस. वगैरे करणाऱ्यांसाठी आकडा विद्यापीठ ठरवतं, तो बऱ्याच ठिकाणी नऊ असतो. त्यात एका सत्रात एकच ऑनलाइन विषय, तीन क्रेडिटपर्यंत, धरला जातो. हा आकडा खाली गेला की नोंदीला धक्का बसतो. बहुतेक मुलं अडकतात ती इथेच.

आमच्या शाळेची एक मुलगी, नाव सांगत नाही. हुशार, आईवडील दोघं शेतीत. पहिल्याच सत्रात एक विषय तिला जड गेला. बरोबर राहणाऱ्या सिनियरने सांगितलं, "ड्रॉप करून टाक, ग्रेड खराब होण्यापेक्षा बरं. सगळे करतात." तिने रात्री बसून लॅपटॉपवर विषय काढून टाकला. नऊचे सहा क्रेडिट झाले. दोन आठवड्यांनी ईमेल आली की तिची सेव्हिस नोंद बंद केली आहे. तिचा मला फोन आला तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेचार वाजले होते, आणि ती घरी फोन करायला घाबरत होती.

यातली खरी हळहळ वाटण्यासारखी गोष्ट ही, की तिला विषय सोडायची परवानगी बहुधा मिळाली असती. पहिल्या वर्षी भाषेची किंवा शिकवण्याच्या पद्धतीची अडचण आली तर कमी विषय घ्यायची सवलत डीएसओ देऊ शकतो. आजारपण असेल तर डॉक्टरच्या पत्रावर देऊ शकतो. शेवटच्या सत्रात एक-दोनच विषय उरले असतील तरी देऊ शकतो. अट एकच : विषय सोडायच्या आधी विचारायचं. आधी विचारलं तर ती सवलत, नंतर सांगितलं तर तो नियमभंग. कागदावर विषय तोच, क्रेडिट तितकीच, फरक फक्त तारखेचा.

तिने दर्जा परत मिळावा म्हणून अर्ज केला. अशा अर्जाला साधारणपणे पाच महिन्यांची मर्यादा असते. ती त्यात होती म्हणून बरं. उत्तर येईपर्यंत काही महिने गेले. त्या काळात अभ्यास चालू ठेवायचा, पण कॅम्पसवरचं काम बंद. लायब्ररीतल्या नोकरीवर तिचं घरभाडं निघत होतं. ते पैसे गावाहून गेले. कसे गेले ते तिच्या वडिलांनाच माहीत. शेवटी अर्ज मंजूर झाला. सगळ्यांचा होतोच असं नाही.

घरात कुणी आजारी पडलं, मूल घाईने परत निघालं, अशा वेळीही हेच. डीएसओला सांगून, त्याच्या मंजुरीने शिक्षण थांबवलं तर देश सोडायला पंधरा दिवस मिळतात आणि नोंद स्वच्छ राहते, पुढे परत जाता येतं. न सांगता विमानात बसलं तर नोंदीवर 'नियमभंग' राहतो. बाप दवाखान्यात असताना ईमेल लिहायचं कुणाला सुचणार, हे मला कळतं. पण चार ओळींची ती ईमेल पुढची वर्षं वाचवते. २०२५ च्या मे महिन्यात दिल्लीच्या अमेरिकी दूतावासानेही भारतीय विद्यार्थ्यांना जाहीरपणे सांगितलं होतं की न कळवता कोर्स सोडला, वर्ग चुकवले तर व्हिसा रद्द होऊ शकतो आणि पुढचा मिळणंही अवघड होऊ शकतं.

छोट्या गोष्टी पटकन सांगते. घर बदललं तर दहा दिवसांत विद्यापीठाला कळवायचं. सत्र चालू असताना कॅम्पसवरचं काम आठवड्याला वीस तासांच्या वर नाही. शिक्षण पूर्ण झाल्यावर साठ दिवस मिळतात; त्यात परत यायचं, पुढचा प्रवेश घ्यायचा किंवा कामाच्या प्रशिक्षणाची सोय करायची. ते प्रशिक्षण, ज्याला मुलं ओपीटी म्हणतात, तेही याच नोंदीवर चालतं. त्यात नोकरीविना राहिलेल्या दिवसांची मोजणी होते, आणि पहिल्या वर्षात नव्वद दिवस ही मर्यादा.

आपल्या घरचे कागद

आता परत आमच्या ऑफिसात येऊ. व्हिसाच्या अर्जात माध्यमिक आणि त्यापुढच्या शिक्षणसंस्थांची नावं आणि तिथे कधीपासून कधीपर्यंत शिकलात त्या तारखा विचारतात. मुलं त्या अंदाजाने भरतात. दाखला समोर ठेवून भरा. दाखल्यावर एक, अर्जात दुसरं, ट्रान्सक्रिप्टवर तिसरं असं झालं तर अधिकाऱ्याला शंका यायला तेवढं पुरतं.

नावाचा घोळ तर आपल्या महाराष्ट्राचा खास. दहावीच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचं, मग वडिलांचं. पासपोर्टात आडनावाचा एक रकाना आणि 'दिलेल्या नावा'चा दुसरा. त्यात कुणी वडिलांचं नाव घालतं, कुणी घालत नाही. विद्यापीठाच्या अर्जात मधल्या नावाची वेगळी चौकट. सेव्हिसमध्ये मात्र मधलं नाव नाहीच, तिथेही पासपोर्टासारखे दोनच रकाने. म्हणून आय-२० हातात आला की पहिलं काम, नाव पासपोर्टाशी अक्षर न् अक्षर ताडून बघायचं. चूक असेल तर मुलाखतीआधी डीएसओला लिहायचं, तो दुरुस्त करून नवा आय-२० देतो. गुणपत्रिकेवरच्या नावाचा क्रम वेगळा असेल तर तेवढ्याने घाबरू नका. पण 'दिक्षित' की 'दीक्षित', इंग्रजीत एक 'ए' की दोन, हे प्रश्न शाळेत असतानाच मिटवा. आमच्या जनरल रजिस्टरातली नोंद मी पेन घेऊन बदलू शकत नाही, त्याला शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी लागते आणि त्यात वेळ जातो. पालकहो, पहिलीत नाव घालताना जन्मदाखला बरोबर आणा, मी एवढंच म्हणेन.

दुसरं, वाया गेलेलं वर्ष. इंजिनिअरिंगची मुलं त्याला वायडी म्हणतात. चार वर्षांचा कोर्स पाच वर्षांत झाला, मधे एटीकेटी लागली, हे ट्रान्सक्रिप्टवर दिसतंच. ते दिसण्याने व्हिसा जात नाही. विचारलं तर सरळ सांगावं : त्या वर्षी असं झालं, मग मी विषय सोडवले. व्हिसा जातो तो ते वर्ष झाकायला कुणीतरी पंधरा हजारांत अनुभवाचं खोटं पत्र करून दिलं की. महत्त्वाची माहिती खोटी देऊन व्हिसा मिळवायचा प्रयत्न केला असं ठरलं तर अमेरिकेच्या कायद्यात प्रवेशबंदी आहे आणि तिला वर्षांची मुदत नाही, ती कायमची.

कागदावरच चालणारी विद्यापीठं

नोंद चालू आहे म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. कॅलिफोर्नियात प्लेझंटन गावी ट्राय-व्हॅली युनिव्हर्सिटी नावाची संस्था होती. जानेवारी २०११ मध्ये तिच्यावर छापा पडला. तिथे दीड हजारांहून अधिक परदेशी विद्यार्थी नोंदवलेले, त्यातले बहुसंख्य भारतीय, विशेषतः तेव्हाच्या आंध्र प्रदेशातले. त्यातल्या शेकडो विद्यार्थ्यांचा पत्ता म्हणून एकाच अपार्टमेंटचा पत्ता भरलेला होता! फी भरा, नोंद चालू ठेवा, वर्गात येऊ नका, कुठेही काम करा, असा तो व्यवहार. छाप्यानंतर काही मुलांच्या पायात माग काढणारी यंत्रं बांधली गेली, त्यावरून आपल्याकडे मोठा गदारोळ झाला. संस्थेच्या प्रमुख बाईंना पुढे सोळा वर्षांहून अधिक तुरुंगवास झाला.

मिशिगनमधल्या 'युनिव्हर्सिटी ऑफ फार्मिंग्टन'ची गोष्ट याहून विचित्र. हे विद्यापीठ सरकारच्या तपास अधिकाऱ्यांनीच सापळा म्हणून उघडलं होतं. संकेतस्थळ होतं, ऑफिस होतं, सरकारच्या मान्य संस्थांच्या यादीत नाव होतं. शिक्षक मात्र नव्हते आणि वर्गही नव्हते. जानेवारी २०१९ मध्ये सापळा उघड झाला तेव्हा सुमारे सहाशे विद्यार्थी नोंदवलेले होते. पहिल्या धरपकडीत १३० जणांना पकडलं, त्यातले १२९ भारतीय. सरकारचं म्हणणं, या मुलांना वर्ग नाहीत हे ठाऊक होतं, त्यांना फक्त काम करण्यापुरती नोंद हवी होती. मुलांच्या बाजूचं म्हणणं, सरकारी यादीत नाव बघूनच आम्ही फी भरली. ती फी परत मिळावी म्हणून झालेला दावा पुढे चालवायला अपील न्यायालयाने २०२४ मध्ये मोकळीक दिली. कोण किती फसलं आणि कुणी किती डोळे मिटून घेतले, याचा निवाडा मी इथे बसून करणार नाही. पण पहिल्या दिवसापासून वर्गाशिवाय पूर्णवेळ काम करता येईल असं कुणी सांगत असेल, तर ते ऐकताच उठून यावं.

आणि कधी कधी मुलाची काहीच चूक नसते. २०२५ च्या मार्च-एप्रिलमध्ये अमेरिकेत हजारो परदेशी विद्यार्थ्यांच्या सेव्हिस नोंदी सरकारने एकाएकी बंद केल्या. त्यात भारतीय मुलं बरीच होती. अनेकांना कारण कळलं नाही. काहींच्या बाबतीत वाहतुकीच्या नियमभंगासारखी किरकोळ, जुनी प्रकरणं निघाली. विद्यापीठालाही आधी सांगितलं नव्हतं. कित्येक डीएसओंना ते पडद्यावर बघूनच कळलं. मुलं न्यायालयात गेली, आणि एप्रिलच्या शेवटी सरकारने नोंदी पुन्हा सुरू करत असल्याचं न्यायालयाला सांगितलं. तेव्हा ज्यांच्याकडे प्रत्येक सत्राच्या नोंदणीचे पुरावे, जुने आय-२० आणि पत्रव्यवहार नीट लावलेला होता, त्यांना वकिलापुढे लगेच बसता आलं.

इतर देशांत शब्द बदलतात, गोष्ट तीच. ब्रिटनमध्ये आय-२० च्या जागी 'कॅस' नावाचा क्रमांक. तिथे ऑगस्ट २०१२ मध्ये लंडन मेट्रोपॉलिटन युनिव्हर्सिटीचा परदेशी विद्यार्थी घ्यायचा परवाना काढून घेतला गेला. मुलांच्या हजेरीवर नीट लक्ष नाही, हे त्यामागचं एक कारण. परवाना पुढे परत मिळाला, पण त्या वर्षी प्रामाणिकपणे शिकणाऱ्यांचीही धांदल उडाली. कॅनडात २०२३ मध्ये बरेच भारतीय विद्यार्थी, मुख्यतः पंजाबातले, अडकले, कारण वर्षांपूर्वी एजंटने दिलेली प्रवेशपत्रं खोटी निघाली. त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून तिथलं सरकार प्रत्येक प्रवेशपत्र थेट कॉलेजकडून खरं करून घेतं. आणि नोव्हेंबर २०२४ पासून तिथे कॉलेज बदलायचं तर परवानाही नवा काढावा लागतो. हे नियम बदलत राहतात, म्हणून जायच्या आधी त्या त्या सरकारच्या संकेतस्थळावर बघा, एजंटच्या व्हॉट्सॲपवर नाही.

त्या मुलाला, सुरुवातीला सांगितलेल्या, मी एक जाड फाईल आणायला सांगितली. दाखला, गुणपत्रिका, ट्रान्सक्रिप्ट, प्रवेशपत्र, सेव्हिस फीची पावती, आणि आय-२०. आय-२० नवा आला तरी जुना फाडायचा नाही, कारण पुढे कधी व्हिसाची किंवा दर्जाची चौकशी झाली तर जुने आय-२० मागितले जातात. परवा त्याचा मेसेज आला, दुसरं सत्र सुरू झालंय आणि एक विषय सोडायचा विचार आहे. मी विचारलं, डीएसओला भेटलास का? उत्तर आलं, "बाई, उद्या सकाळी दहाची वेळ घेतलीय."